पाच वर्षांची पदवी, पंधरा वर्षांचा हप्ता

यंदाच्या अंकासाठी ‘शिकण्याची किंमत’ हा विषय ठरला, तेव्हा संपादकांची एकच सूचना होती: डॉक्टर आणि इंजिनिअर सोडून लिहा. मी आर्किटेक्चर निवडलं. या पदवीची फी, तिच्यासाठी काढलेलं कर्ज आणि पदवीनंतर हाती येणारा पहिला पगार या तीन आकड्यांचा आज एकमेकांशी मेळच बसत नाही. आणि हे तिन्ही आकडे एका कागदावर मांडून दाखवणारं माणूस प्रवेशाच्या वेळी कुणाला भेटत नाही. बारावी होते, ‘नाटा’ या प्रवेश परीक्षेचा निकाल लागतो, सीईटी कक्षाच्या फेऱ्या सुरू होतात. घरात बोलणं होतं ते कॉलेज कुठलं मिळेल, याचं.

पावसाळ्यात पुणे, मुंबई, नाशिक आणि सोलापूर जिल्ह्यातलं एक तालुक्याचं गाव अशा ठिकाणी जाऊन विद्यार्थ्यांशी, नव्या पदवीधरांशी, ऑफिस चालवणाऱ्यांशी आणि एका बँक अधिकाऱ्याशी बोललो. बहुतेकांनी नाव छापू नका म्हणून सांगितलं. व्यवसाय लहान आहे, सगळे सगळ्यांना ओळखतात. म्हणून या लेखात बोलणाऱ्यांची नावं नाहीत.

सबमिशनची रात्र

पुण्यात कर्वेनगरच्या बाजूला प्लॉटर असलेली प्रिंटची दुकानं सत्राच्या शेवटी उशिरापर्यंत उघडी असतात. रात्री दहाच्या पुढे एका दुकानात दहाबारा मुलंमुली रांगेत होती. हातात पेनड्राइव्ह, पाठीवर लॅपटॉप, डोळे तारवटलेले. सकाळी ज्यूरी. बाहेरचे आर्किटेक्ट येणार, भिंतीवर शीट लावायच्या, टेबलावर मॉडेल ठेवायचं आणि उभं राहून आपलं डिझाइन समजावून सांगायचं.

त्यांतली एक मुलगी चौथ्या वर्षाची, बार्शीकडची. ती पहिल्या वर्षापासून मोबाइलमध्ये खर्च लिहून ठेवते. “फी सगळ्यांना माहीत असते, काका. हे कुणी सांगत नाही,” असं म्हणून तिने यादी उघडली. पहिल्याच वर्षी ड्रॉइंग बोर्ड, रोटरिंग पेनं, माउंटबोर्ड, सनबोर्ड, कटरची पाती. दुसऱ्या वर्षी लॅपटॉप. थ्रीडी आणि रेंडरची सॉफ्टवेअरं साध्या लॅपटॉपवर चालत नाहीत, त्यामुळे तो ऐंशी हजारांच्या वर गेला. दर सबमिशनला प्रिंट. दर वर्षी स्टडी टूर: एकदा हम्पी, एकदा अहमदाबाद. लेझर कटिंग. रात्री उशिरा हॉस्टेलवर परतायची रिक्षा. शिक्षण शुल्क सोडून तिचा वर्षाचा खर्च सव्वा लाखाच्या पुढे जातो, आणि त्यात हॉस्टेल-मेसचा वाटा मोठा असला तरी मॉडेल आणि प्रिंटचा वाटाही दुर्लक्षावा इतका लहान नाही.

तिच्या वर्गातली पुण्यातली मुलं घरी राहतात. त्यांच्या घरात स्वतंत्र खोली आहे, मॉडेल पसरायला जागा आहे. एकाच वर्गात, एकाच फीमध्ये शिकणाऱ्या दोघांची पदवी वेगवेगळ्या किमतीला पडते. कॉलेजच्या माहितीपत्रकात फक्त फीचा आकडा असतो.

फीचं म्हणाल, तर महाराष्ट्रात विनाअनुदानित खासगी कॉलेजांची फी शुल्क नियामक प्राधिकरण ठरवतं. शासकीय आणि जुन्या अनुदानित संस्थांत ती बरीच कमी. खासगी विद्यापीठांत मात्र वर्षाला तीन-चार लाखांचे आकडे सर्रास ऐकू येतात. राज्याने ८ जुलै २०२४च्या शासन निर्णयाने आर्थिकदृष्ट्या दुर्बल, सामाजिक व शैक्षणिकदृष्ट्या मागास आणि इतर मागास प्रवर्गांतल्या, आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ केलं. ही माफी केंद्रीय प्रवेश प्रक्रियेतून आलेल्यांना आहे. खासगी अभिमत आणि स्वयं-अर्थसहाय्यित विद्यापीठं तिच्या बाहेर आहेत. हा एवढा फरक अनेक घरांना प्रवेश घेऊन झाल्यावर कळतो.

बँकेच्या टेबलावर

राष्ट्रीयीकृत बँकेतल्या शैक्षणिक कर्जं पाहणाऱ्या अधिकारीबाईंनी मला नियम नीट समजावून सांगितले. चार लाखांपर्यंत तारण नाही, जामीनदार नाही. चार ते साडेसात लाखांमध्ये जामीनदार लागू शकतो. साडेसातच्या वर घर, प्लॉट, ठेव असं काहीतरी तारण. “शेतीचा सातबारा घेऊन येतात लोक. शेतजमीन तारण घ्यायला बँका तयार नसतात. एन.ए., म्हणजे बिगरशेती प्लॉट लागतो, नाहीतर घर.” सहकर्जदार म्हणून बापाचं नाव येतं आणि त्याचं पीककर्ज थकलेलं असलं, तर फाइल तिथेच अडते. मुलाचे गुण कितीही असोत.

केंद्राची मदत आहे. साडेचार लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या घरांसाठी शिक्षणकाळातलं व्याज सरकार भरतं, पण संस्था मान्यतेच्या अटींत बसावी लागते. नोव्हेंबर २०२४मध्ये मंत्रिमंडळाने पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर केली. त्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्यांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर तीन टक्के व्याजसवलत आहे. ती सुरुवातीला निवडलेल्या ८६० संस्थांपुरती. आपलं कॉलेज यादीत आहे का, ते अर्ज करण्याआधी बघावं लागतं.

मग त्यांच्याच टेबलावर आम्ही एक हिशेब मांडला. सवलत नाही असं धरलं. आठ लाखांचं कर्ज, दर वर्षी १ लाख ६० हजार उचललेले, व्याज साडेदहा टक्के. पाच वर्षं शिक्षण आणि त्यानंतर एक वर्ष सूट. या काळात हप्ता नसतो, पण सरळव्याज चढत राहतं. पहिल्या वर्षी उचललेल्या रकमेवर सहा वर्षांचं, दुसऱ्या वर्षीच्या रकमेवर पाच वर्षांचं, असं करत ते ३ लाख ३६ हजारांवर जातं. म्हणजे हप्ता सुरू होण्याच्या दिवशी मूळ रक्कम आठ लाख नाही, ११ लाख ३६ हजार आहे. दहा वर्षांत फेडायचं म्हटलं तर हप्ता महिना १५,३०० च्या आसपास. पंधरा वर्षांत फेडायचं तर साडेबारा हजार, आणि तोवर बँकेला एकूण साडेबावीस लाखांवर रक्कम गेलेली असते.

चार वर्षांच्या इंजिनिअरिंगपेक्षा इथे एक वर्ष जास्त. ते एक वर्ष फीचंही आहे आणि व्याजाचंही.

बाईंनी एक गोष्ट आवर्जून सांगितली. शिक्षण चालू असतानाच जे घर दर महिन्याचं व्याज भरत जातं, त्याला अनेक बँका व्याजदरात एक टक्का सूट देतात, आणि मुद्दल फुगत नाही. “पण हे ज्यांना जमतं, त्यांना मुळात कर्जाची तेवढी गरज नसते,” त्या म्हणाल्या.

शैक्षणिक कर्जाच्या व्याजावर आठ वर्षं प्राप्तिकरात वजावट मिळते, असं प्रत्येक माहितीपत्रकात ठळक छापलेलं असतं. ती जुन्या करपद्धतीतच मिळते. आणि महिना वीस हजार कमावणाऱ्याला मुळात करच लागत नाही. सवलत कागदावर राहते.

पहिला पगार

पुण्यात मला भेटलेल्या नव्या पदवीधरांचे पगार अठरा ते पंचवीस हजारांच्या मध्ये होते. मुंबईत थोडे जास्त, पण तिथलं खोलीभाडं ती वाढ गिळून टाकतं. नाशिक-कोल्हापूरकडे बारा-पंधरा हजारांपासून सुरुवात झाल्याचं सांगणारेही होते. नामांकित, डिझाइनसाठी ओळखल्या जाणाऱ्या ऑफिसांत पगार सहसा कमी असतो, कारण तिथे रांग मोठी असते.

कोथरूडमधल्या एका ऑफिसात काम करणाऱ्या मुलाने त्याचा महिना उलगडून दाखवला. ठरलेले वीस हजार. कागदोपत्री तो नोकर नाही, ‘प्रोफेशनल’ आहे. त्यामुळे त्याच्या मानधनातून दहा टक्के टीडीएस कापला जातो. भविष्य निर्वाह निधी नाही, पगारी रजा नाही. विवरणपत्र भरलं की कापलेला कर परत मिळतो, पण तो वर्षानंतर. हाती अठरा हजार. तिघांत मिळून घेतलेल्या खोलीचे साडेसहा, मेसचे साडेतीन, पेट्रोल, मोबाइल, गावी जाण्याचा एखादा खर्च. उरतात चार-पाच हजार. हप्ता साडेबारा हजारांचा. “उरलेले पप्पा भरतात,” तो म्हणाला. पप्पा एसटीत कंडक्टर आहेत, निवृत्तीला तीन वर्षं आहेत.

हे तो चिडून सांगत नव्हता. त्याला त्याचं काम आवडतं. साइटवर उभं राहून स्लॅबच्या सळ्या तपासताना, आपण कागदावर काढलेली रेघ खरी होताना पाहणं यासाठीच आपण पाच वर्षं घालवली, असं तो म्हणाला. त्याचं दुःख वेगळं होतं. त्याला ऑफिसमधल्या एका शाळेच्या कामावर राहायचं होतं, पण एका इंटिरिअर कंत्राटदाराने तीस हजार देऊ केले आणि आता तो तिकडे चालला होता. स्वयंपाकघरांची थ्रीडी चित्रं काढायला.

ऑफिसची बाजू

पगार कमी का, याचं सोपं उत्तर ‘मालक शोषण करतात’ असं दिलं जातं. काही करतातही. अभ्यासक्रमातलं एक सत्र प्रशिक्षणासाठी ऑफिसात काढावं लागतं. त्या सत्रात एक रुपयाही न देता रात्री अकरापर्यंत राबवून घेणारी ऑफिसं आहेत, आणि हे अत्यंत गैर आहे, असं मला वाटतं. पण नाशिकच्या एका आर्किटेक्टने स्वतःच्या ऑफिसचा हिशेब मला कागदावर दाखवला, तेव्हा प्रश्न एका माणसाच्या हेतूपेक्षा खोल आहे हे कळलं.

एक बंगला घ्या, दोन हजार चौरस फुटांचा. बांधकाम दोन हजार रुपये फुटाने धरलं, तर चाळीस लाखांचं काम. वास्तुकला परिषदेने सेवाशुल्काची टक्केवारी सुचवलेली आहे, पण बाजारात ती मिळत नाही. घासाघीस होऊन चार टक्के ठरतात, म्हणजे १ लाख ६० हजार. काम दीड वर्ष चालतं. संकल्पना, महापालिकेची मंजुरी, वर्किंग ड्रॉइंग, दाराखिडक्यांचे तपशील, दर आठवड्याला साइट. अठरा महिन्यांनी भागलं, की महिन्याला नऊ हजारांच्या आत. एका नव्या मुलाला वीस हजार द्यायचे, तर फक्त त्याच्या पगारापुरते असे दोनपेक्षा जास्त बंगले सतत हातात हवेत. भाडं, वीज, सॉफ्टवेअरचं लायसन्स, स्वतःचं घर हे सगळं त्यानंतर.

शेवटचा हप्ता अनेकदा येतच नाही. घर बांधून झालं, वास्तुशांत झाली, की आर्किटेक्टचे राहिलेले पंचवीस हजार मालकाला आठवत नाहीत. उलाढाल वीस लाखांच्या पुढे गेली की अठरा टक्के जीएसटी लावावा लागतो. घर बांधणाऱ्या साध्या माणसाला तो परत मिळवता येत नाही, त्यामुळे तो म्हणतो, “बिल नको, सर.”

टक्केवारीच्या पद्धतीतच एक अडचण आहे. आर्किटेक्टने विचार करून पाच लाखांचं बांधकाम वाचवलं, तर त्याचंच शुल्क कमी होतं. विचार करायला लागलेल्या वेळेचा दर कुठेच लागत नाही. नव्या मुलांचा सगळा वेळ याच, कुणी पैसे न दिलेल्या कामात जातो: पर्याय काढणं, तपशील सुधारणं, मॉडेल करून बघणं. डिझाइनला ग्राहक पैसे देत नाही, म्हणून ऑफिस मुलाला देत नाही.

पैसा कुठे आहे

मुंबईत चित्र वेगळं आहे, आणि ते समजून घेण्यासाठी पुनर्विकासाच्या ऑफिसात जावं लागतं. तिथे बोलणं चालतं ते २०१८मध्ये लागू झालेल्या ‘विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावली २०३४’च्या भाषेत: ३३(५) म्हाडाच्या वसाहतींसाठी, ३३(७) उपकरप्राप्त इमारतींसाठी, ३३(९) समूह पुनर्विकासासाठी. कोणत्या कलमात किती एफएसआय बसतो, फंजिबल किती, पार्किंग किती, हे ज्याला तोंडपाठ आहे आणि जो महापालिकेतून आयओडी, सीसी, ओसी ही मंजुरीपत्रं काढून आणू शकतो, त्याच्या शब्दाला आणि सहीला किंमत आहे. त्यात ‘रेरा’ कायद्याने प्रकल्पाच्या राखीव खात्यातून विकासकाला पैसे काढायचे असतील, तर अभियंता आणि सनदी लेखापालासोबत आर्किटेक्टचं प्रमाणपत्र सक्तीचं केलं. तिथे कायद्याने सही लागते, म्हणून तिथे पैसे आहेत.

अंधेरीतल्या अशाच एका ऑफिसात पाच वर्षं काढलेली आर्किटेक्ट आज महिन्याला साठ हजारांच्या पुढे कमावते. तिचं कर्ज फिटत आलं आहे. “मी शेवटचं डिझाइन थिसिसमध्ये केलं,” ती म्हणाली. तिचा थिसिस कोळीवाड्यातल्या घरांवर होता, गुणही उत्तम मिळाले होते.

पुण्यात दुसरी वाट आहे. अमेरिका, ब्रिटनमधल्या ऑफिसांसाठी इथे बसून रेव्हिट सॉफ्टवेअरमध्ये इमारतींची मॉडेलं करणाऱ्या कंपन्या. सुरुवातच तीस हजारांच्या पुढे, भविष्य निर्वाह निधी, शनिवार-रविवार सुट्टी. जी इमारत आयुष्यात कधी दिसणार नाही, तिच्या जिन्याचे तपशील. या कामाला कमी लेखण्याचं मला काहीच कारण दिसत नाही. ते कौशल्याचं काम आहे आणि त्याने घरं चालतात. पण या वाटेने जाणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाने निवडीचं कारण सांगताना आधी हप्त्याचा आकडा सांगितला.

शिवाय ‘आर्किटेक्ट’ या नावाला कायद्याचं संरक्षण आहे, कामाला नाही. १९७२च्या वास्तुविशारद अधिनियमानुसार परिषदेकडे नोंदणी झाल्याशिवाय कुणाला हे नाव लावता येत नाही. मात्र १७ मार्च २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं, की कायदा नावापुरताच आहे. इमारतीचं डिझाइन करण्यापासून तो इतरांना रोखत नाही. त्यामुळे पदवी मिळाल्या मिळाल्या, वेगळी परीक्षा न देता, ‘सीए’ने सुरू होणारा नोंदणी क्रमांक मिळतो हे खरं. पण शेजारच्या गाळ्यात इंजिनिअर, ड्राफ्ट्समन आणि इंटिरिअरवाला तेच काम निम्म्या दरात करत बसलेला असतो.

घराने भरलेली तूट

आता मूळ मुद्द्याकडे येतो. ही पदवी आजवर चालत आली, ती एका न बोललेल्या गृहीतकावर: पदवीनंतरची पहिली पाच-सात वर्षं घर सांभाळून घेईल. गुरूच्या ऑफिसात राबायचं, शिकायचं, मिळेल ते घ्यायचं, मग ओळखीतून पहिलं घर, पहिला बंगला आणि स्वतःचं ऑफिस. या काळाची तूट नेहमी कुणीतरी भरलेली आहे. वडिलांनी, सासऱ्यांनी, नोकरी करणाऱ्या जोडीदाराने.

पुण्यात १९२७ साली जन्मलेले बाळकृष्ण दोशी मुंबईच्या जे. जे.मध्ये शिकले आणि १९५१मध्ये पॅरिसला ल कॉर्ब्युझिएच्या स्टुडिओत गेले. सुरुवातीचे आठ महिने त्यांनी तिथे बिनपगारी काढले. पुढे २०१८मध्ये प्रित्झकर पुरस्कार मिळवणारे ते पहिले भारतीय ठरले. ही गोष्ट कॉलेजांत प्रेरणा म्हणून सांगितली जाते, आणि दोशींच्या निष्ठेबद्दल आदर वाटावा अशीच ती आहे. पण दर महिन्याच्या पाच तारखेला बँकेचा हप्ता असलेल्या मुलीला ती लागू पडत नाही. उपास काढता येतो, हप्ता चुकवता येत नाही. चुकला तर तिचं आणि बापाचं, दोघांचं क्रेडिट खराब होतं, आणि भावाचं कर्ज अडतं.

जगातही या प्रथेबद्दल लाज वाटू लागली आहे. २०१९मध्ये लंडनच्या सर्पेंटाइन गॅलरीजना त्या वर्षीच्या मंडपावर काम करणाऱ्या प्रत्येकाला पैसे मिळालेच पाहिजेत, असं जाहीर करावं लागलं. त्याच सुमारास चिलीच्या आलेहान्द्रो आराव्हेना यांच्या ऑफिसने आपला इंटर्नशिपचा उपक्रम थांबवला. आपल्याकडे मात्र हा विषय अजून मित्रांच्या कट्ट्यावर आहे, परिषदेच्या नियमांत नाही. ज्या परिषदेकडे अभ्यासक्रमाचे किमान निकष ठरवण्याचा अधिकार आहे, तिने प्रशिक्षणाच्या सत्रात किमान मानधनाची अट घालावी आणि ते न देणाऱ्या ऑफिसातलं प्रशिक्षण ग्राह्य धरू नये. एवढं झालं तरी पुष्कळ फरक पडेल, असं मला वाटतं.

याचा परिणाम फक्त मुलांच्या खिशावर होत नाही. मधल्या काळात ज्या घरांतून पहिल्यांदाच कुणी या पदवीपर्यंत आलं, ती मुलं-मुली पाणी नसलेल्या गावातून, पत्र्याच्या घरातून, चाळीतून आली. उन्हाळ्यात पत्र्याखाली झोपणं म्हणजे काय, सार्वजनिक संडासात रात्री जाताना बाई कशाला घाबरते, हे त्यांना शिकवावं लागत नाही. सार्वजनिक दवाखाने, वसतिगृहं, परवडणारी घरं कशी असावीत हे ठरवताना त्यांची समज सगळ्यात जास्त हवी होती. नेमक्या त्याच मुलांवर कर्ज सगळ्यात जास्त असतं, म्हणून तीच मुलं दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी डिझाइनचं काम सोडून रेंडर आणि मंजुरीच्या कामाकडे जातात. मागे टिकतात ते बहुधा घराचा आधार असलेले. शहर कुणाच्या डोळ्यांनी आखलं जाईल, हे असं बँकेच्या टेबलावर ठरतं.

शिष्यवृत्तीची रक्कम उशिरा येणं ही याच दुखण्याची दुसरी बाजू. महाडीबीटीचे पैसे येईपर्यंत फी आधी भरा म्हणून कॉलेजं तगादा लावतात, निकाल अडवतात. मला भेटलेल्या एका मुलाच्या आईने त्यासाठी बचत गटातून कर्ज काढलं होतं. बँकेच्या नोंदीत न दिसणारं हे कर्ज कोणत्याच हिशेबात धरलं जात नाही.

परदेशाची वाट

इथे मिळत नाही म्हणून बाहेर जावं, असं म्हणणारे बरेच भेटले. अमेरिकेत मास्टर्स करायचं तर चाळीस-पन्नास लाखांचं कर्ज आणि त्याला घर तारण. या वाटेवरची एक बारीक गोष्ट प्रवेश घेण्याआधी तपासायला हवी. अमेरिकेत शिकून झाल्यावर तिथे कामाचा अनुभव घ्यायला एक वर्षाची परवानगी मिळते. विज्ञान-तंत्रज्ञान गटात मोडणाऱ्या अभ्यासक्रमांना आणखी दोन वर्षं मिळतात. साधी आर्किटेक्चरची मास्टर्स सहसा त्या गटात येत नाही. बिल्डिंग सायन्स, बिल्डिंग टेक्नॉलॉजी अशा वर्गीकरणातल्या पदव्या येतात. तीन वर्षं डॉलरमध्ये कमावून कर्ज हलकं करता येतं, एका वर्षात ते शक्य नाही. त्यात सप्टेंबर २०२५मध्ये एच-वन-बी या कामाच्या व्हिसाच्या नव्या अर्जांवर एक लाख डॉलरचं शुल्क जाहीर झालं. नव्या मुलाला पगार देताना हात आखडणारं छोटं ऑफिस ते भरेल, अशी आशा धरून घर तारण ठेवू नये.

तालुक्याच्या गावी

सोलापूर जिल्ह्यातल्या त्या तालुक्याच्या गावात एक आर्किटेक्ट जोडपं आहे. दोघंही पुण्यात शिकले, चार वर्षं नोकऱ्या केल्या आणि परत आले. गाळा स्वतःच्या घराखालीच, त्यामुळे भाडं नाही. सुरुवातीची दोन वर्षं वाईट गेली. इथे लोक नकाशाला पैसे देतात, डिझाइनला नाही. नगरपरिषदेतून मंजुरी काढून देणारे दोन-तीन जण आधीपासून होते.

त्यांनी काय बदललं, ते ताईंनी सांगितलं. टक्केवारी सोडून दिली. चौरस फुटाला दर लावला आणि टप्पे पाडले. पहिल्या भेटीचे पैसे वेगळे. मंजुरीचं काम वेगळं, पूर्ण पैसे आधी. वर्किंग ड्रॉइंग द्यायच्या आधी त्या टप्प्याचा हप्ता. साइटवर येण्याचे भेटीप्रमाणे. “पहिले सहा महिने लोक उठून जायचे. मग एकाचं घर उन्हाळ्यात थंड राहिलं, जिना बसला, भिंतीला ओल आली नाही. त्याने चार जण पाठवले.” लग्नकार्याचे हॉल, डॉक्टरांचे दवाखाने, द्राक्षाच्या शीतगृहाचं ऑफिस अशी कामं मिळत गेली. दोघांचं मिळून उत्पन्न आज पुण्यातल्या त्यांच्या वर्गमित्रांच्या बरोबरीचं आहे, आणि खर्च निम्मा. ताईंचं कर्ज मागच्या वर्षी फिटलं. त्यांच्याकडे प्रशिक्षणाला येणाऱ्या मुलांना ते महिना आठ हजार आणि वरच्या खोलीत राहायला जागा देतात.

पण हे सगळ्यांना जमणारं नाही, हे त्यांनीच सांगितलं. स्वतःचा गाळा होता. यजमानांचं नाव गावात होतं, वडील शिक्षक होते. आणि दोघांपैकी कर्ज एकाचंच होतं.

नाशिकमधला एक प्रवेश

निफाडकडच्या एका द्राक्ष बागायतदाराच्या मुलीचा प्रवेश मी जवळून पाहिला. तिला आर्किटेक्चरच करायचं होतं. लहानपणापासून ती वाड्यांची चित्रं काढते. पुण्यातल्या एका खासगी विद्यापीठाचं पत्र आलं होतं. इमारत सुंदर, कॅम्पस हिरवा, फी वर्षाला साडेतीन लाखांच्या पुढे. दुसरीकडे केंद्रीय फेरीत नाशिकमधलं एक कॉलेज लागत होतं. ओबीसी प्रवर्ग, उत्पन्न मर्यादेत, म्हणून तिथे शिक्षण शुल्क माफ.

वडील दोन्हीकडे गेले. त्यांनी कॉलेजच्या काउंटरवर विचारलेले प्रश्न इतके नेमके होते, की मी ते लिहून घेतले. मागच्या तीन वर्षांची मुलं प्रशिक्षणाला कोणत्या ऑफिसात गेली, आणि त्यांना महिना किती मिळाला? शेवटच्या वर्षापर्यंत किती जण टिकले? ज्यूरीला बाहेरून कोण येतं? मॉडेलची कार्यशाळा कॉलेजात आहे की बाहेर पैसे देऊन करावं लागतं? एकीकडे चकचकीत पुस्तिका मिळाली. दुसरीकडे कारकुनाने ऑफिसांची हाताने लिहिलेली यादी दिली, मानधनाचा रकाना नसलेली. वडिलांनी त्या यादीतल्या तीन ऑफिसांना स्वतः फोन केले. दोघांनी टाळलं, तिसऱ्याने आकडा सांगितला.

रात्री जेवणानंतर त्यांनी वहीत हिशेब मांडला. नाशिकला राहणं, मेस, लॅपटॉप, साहित्य धरून घरातून देऊन जे कमी पडेल ते वर्षाला सत्तर हजार. पाच वर्षांचे साडेतीन लाख, म्हणजे चार लाखांच्या आत. तारण नको, जामीनदार नको, बाग मोकळी राहील. व्याज चढून हप्ता सुरू होईल तेव्हा रक्कम पाच लाखांच्या थोडी आत, आणि दहा वर्षांसाठी हप्ता ६,७०० च्या आसपास.

“ताई, वीस हजारांत हे बसतं,” ते मुलीला म्हणाले. “म्हणजे तुला जे काम करायचंय ते करता येईल. बाकी मग बघू.”

मुलीने पुण्याच्या विद्यापीठाला नाही म्हणून कळवलं. नाशिकच्या कॉलेजचा प्रवेश तिने दुसऱ्या दिवशी निश्चित केला आणि नॉन-क्रीमी लेयरच्या दाखल्यासाठी वडील तहसील कचेरीत गेले.